दोनशे छप्पन्नावे माप

‘तोतया’ म्हणजे दुसऱ्याच्या नावाने त्याच्या जागी उभा राहणारा. हा शब्द आपण निंदेनेच उच्चारतो. या गोष्टीतला तोतया मात्र प्रामाणिक होता.

धरणांच्या दारांना नुकती कुठे बुद्धी फुटू लागली होती, त्या काळी संगणकाच्या सी भाषेत लिहिलेली एक आज्ञावली होती. पाण्याची पातळी ऐकून दार उघडायचे की मिटायचे, हे ती ठरवी. धरणावर पाठवण्यापूर्वी तपासनीस दमयंतीबाईंनी तिच्यापुढे पाण्याची पातळी कळवणाऱ्या खऱ्या मापकाऐवजी तोतया मापक बसवला.

“सोंगाड्या, तू कधी पाण्यात भिजलास तरी का?” आज्ञावलीने विचारले.

“नाही, बाईसाहेब. म्हणून तर मी हवी ती पातळी सांगू शकतो. दोनशे पंचावन्न सेंटीमीटर.”

“पूर आहे. दार उघडले.”

“दोनशे छप्पन्न.”

“पाणी शून्य. दार मिटले.”

आज्ञावली स्वतःच चपापली. तिच्या मोजणीच्या खणात दोनशे पंचावन्नापुढचा आकडा मावतच नव्हता. मोजणी पुन्हा शून्यावर येई.

“खाली सात गावे आहेत गं,” दमयंतीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तो खण मोठा केला. तोतयाने तोच आकडा पुन्हा उच्चारला. दार उघडे राहिले.

मग आज्ञावली धरणावर गेली आणि त्याच वर्षी पाणी तीनशेवर चढले. दारे वेळेवर उघडली, धरण टिकले आणि सातही गावे वाचली.

लोक सांगतात, की त्या पुरात तोतयाने धरण राखले. ते चूक आहे. तोतया त्या दिवशी धरणावर नव्हताच. खऱ्या पाण्याला आज्ञावलीने एकटीने उत्तर दिले.