भालचंद्र होडी निवडतो

एकदा एक छापखान्याचा मालक आपल्या जुन्या शिक्षकांकडे होडी निवडण्यासाठी सल्ला मागायला गेला, आणि पुढे कितीतरी रविवार तो सल्लाच मागत राहिला.

त्याचे नाव भालचंद्र. शिक्षक निवृत्तीनंतर गावाबाहेरच्या तलावाकाठी राहत. सारे त्यांना गुरुजीच म्हणत. संध्याकाळी आपल्या जुन्या होडीतून ते गळ टाकून बसत. मासा लागला तर बरे, न लागला तरी बरे.

भालचंद्राची निकड खरी होती. आई गेल्यापासून त्याचे वडील, दिगंबरराव, बोलेनासे झाले होते. दिवसभर ओट्यावर बसून राहत. दिवाळीनंतर एके दिवशी ते आपण होऊन म्हणाले, "लहानपणी आम्ही होडीतून मासे धरायचो. पुन्हा एकदा तसं बसावंसं वाटतं." इतक्या महिन्यांनी त्यांनी काही मागितले होते. भालचंद्राने ठरवले, स्वस्तातली, लहानशी होडी घ्यायची. पहिल्याच रविवारी तो वडिलांना घेऊन गुरुजींकडे आला.

"गुरुजी, कोणती घेऊ?"

"लाकडाची घे. जुनी मिळेल, स्वस्त पडेल," गुरुजी म्हणाले.

"पण लाकूड कुजतं. दरवर्षी डांबर लावायला हवं."

"मग फायबरची घे."

"ती महाग. शिवाय तडा गेला तर दुरुस्त कोण करणार?"

"मग रबराची, हवा भरायची घे. घडी घालून घरी नेता येते."

"काठावर बाभळी आहेत, गुरुजी. एक काटा लागला की संपलं."

गुरुजी हसले. विचारी माणूस आहे, असे त्यांना वाटले.

पुढच्या रविवारी भालचंद्र रबराच्या होडीचे गुण सांगत आला आणि जाताना त्याला लाकडाची बरी वाटू लागली. त्यानंतर प्रश्न आला मोटरीचा. मग वल्ह्यांच्या लांबीचा. मग होडीत दोघे बसणार, पण उद्या तिसरा आला तर काय, याचा. गावातल्या एकाची सपाट तळाची जुनी होडी विकाऊ होती. ती त्याने चारदा पाहिली, ठोकून पाहिली, उलटी करून पाहिली, आणि म्हणाला, "वाईट नाही. पण याहून बरी मिळणारच नाही असं कशावरून?"

गुरुजींचा संयम आता सुटत चालला होता. एकदा ते म्हणाले, "अरे, मुलीचं लग्न ठरवताना लोक इतकं बघत नाहीत."

"म्हणूनच नंतर पस्तावतात, गुरुजी," भालचंद्र शांतपणे म्हणाला.

या सगळ्या रविवारी दिगंबरराव काठावरच्या दगडावर बसून असत. तलावाचे पाणी हळूहळू खाली जात होते. फाल्गुन आला. त्या रविवारी भालचंद्राने अंगणात पाऊल ठेवता ठेवताच सुरुवात केली, "गुरुजी, ॲल्युमिनियमचीही होडी असते म्हणे."

गुरुजी उठले, खुंटीवरचे लाइफ जॅकेट घेतले आणि थेट दगडाकडे गेले. "दिगंबरराव, चला," म्हणत त्यांनी जॅकेट त्यांच्या अंगात चढवले, हात धरून त्यांना आपल्या होडीत बसवले आणि वल्हे मारायला सुरुवात केली. भालचंद्र धावत आला.

"गुरुजी, ही होडी गळते. आणि मी?"

"तू विचार कर," गुरुजी म्हणाले, आणि होडी दूर गेली.

भालचंद्राला राग आला. ज्यांना एवढे मानले त्यांनी असे वागावे? तो काठावर येरझारा घालत राहिला. तेवढ्यात पाण्यावरून आवाज आला. कुणीतरी बोलत होते, थांबत होते, पुन्हा बोलत होते. आवाज वडिलांचा होता. शब्द कळत नव्हते, पण इतके सलग बोलताना त्याने त्यांना वर्षभरात ऐकले नव्हते. तो जागीच खाली बसला.

ऊन चढल्यावर होडी परत आली. मासा एकही नव्हता. दिगंबररावांचे धोतर गुडघ्यापर्यंत भिजले होते आणि चेहरा उजळला होता. ते घरात पाय कोरडे करायला गेले, तसे गुरुजी भालचंद्राजवळ बसले.

"पहिल्या रविवारी तुझे वडील स्वतःचा गळ घेऊन आले होते," ते म्हणाले. "आमिषाला कणीक भिजवून आणली होती. पुढे कणीक आणणं थांबलं. आज गळही आणला नाही. तुझ्या लक्षात आलं?"

भालचंद्राने मान हलवली. आले नव्हते.

"तू त्यांच्यासाठी होडी शोधायला निघालास, हे चांगलंच केलंस. पण वाटेत तुला आपली निवड कधीही चुकू नये, याचीच काळजी लागली. होडी चुकीची निघाली तर विकता येते, भालचंद्रा. त्यांची हौस विझली तर ती कोणत्या बाजारातून आणशील? आणि दोष माझाही आहे. तू विचारत गेलास, मी सांगत गेलो. ज्यांना बसायचं त्यांना आपण दोघांनीही विचारलं नाही."

भालचंद्र उठून आत गेला.

"बाबा, तुम्हाला कशी होडी हवी?"

दिगंबररावांनी क्षणभर विचार केला. "बुटक्या काठाची. मला गुडघा फार वर उचलवत नाही. बाकी कशीही चालेल."

ॲल्युमिनियम, मोटर, तिसरा माणूस, सगळे प्रश्न एका वाक्यात निकालात निघाले. दुपारी जाऊन भालचंद्राने ती सपाट तळाची जुनी होडी घेतली. काठ बुटका होता. या वेळी त्याने ती ठोकून पाहिली नाही.

पुढच्या रविवारी बाप-लेक पाण्यावर होते. होडी जराशी डावीकडे कलत होती. भालचंद्राच्या ते ध्यानात आले आणि तो सांगू लागला की, तळाची फळी जर थोडी रुंद असती तर...

"हळू बोल," दिगंबरराव गळावरची नजर न काढता म्हणाले. "मासे जवळ आलेत."

तो उजवीकडे सरकून बसला. होडी सरळ झाली.