अनसूयाबाईंची उरलेली परिक्रमा

नर्मदामैयाच्या दक्षिण तटावर, सातपुड्याच्या पायथ्याशी पिंपळघाट नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या घाटावरच्या मठीत निवांतगिरी महाराजांचा मुक्काम असे. पुढची डोंगरवाट आठ दिवसांची आणि फार अवघड, म्हणून परिक्रमावासी तिथे एक दिवस थांबून विसावा घेत.

एका फाल्गुनात अनसूयाबाई कासार मठीत आल्या. पन्नाशीच्या, अंगाने बारीक, आणि उजवा गुडघा धरलेला. त्यांचे यजमान लहानूजी बांगड्यांचा व्यवसाय मुलावर सोपवून परिक्रमेला निघाले होते. दोन वर्षांपूर्वी याच मठीत तापाने ते गेले. जाताना महाराजांचा हात धरून एवढंच म्हणाले होते, “वाट राहिली हो!” ती राहिलेली वाट चालायला बाई आल्या होत्या.

त्याच दिवशी भार्गवराव मठीत उतरले होते. जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले, कमावलेल्या अंगाचे गृहस्थ. त्यांची ही दुसरी परिक्रमा. रोज किती कोस झाले हे ते सोबतच्या चौघांना मोठ्याने सांगत. बाईंची हकीकत ऐकून ते हसले.

“नवऱ्याने अर्धी चालायची, बायकोने उरलेली! कुठल्या शास्त्रात लिहिलंय हे? आणि बाई, या गुडघ्याने पहिला चढसुद्धा व्हायचा नाही तुमच्याने. सकाळची एसटी आहे, घरी जा.”

बाई खाली मान घालून म्हणाल्या, “शास्त्र मला ठाऊक नाही, दादा. त्यांची वाट राहिली, एवढंच ठाऊक आहे.”

महाराज सारं ऐकत होते. त्यांनी बाईंना जवळ बसवलं.

“माय, डोंगराकडे बघू नकोस. समोरचं एक झाड बघ. तेवढ्यापुरतंच चाल. तिथे पोचलीस की मला सांग.”

“तुम्ही तर इथे असणार, महाराज!”

“सांगून तर बघ,” महाराज म्हणाले.

पहिले दोन दिवस बाई सर्वांच्या मागे पण नेटाने चालल्या. तिसऱ्या दिवशी चढ लागला. गुडघा सुजून टम्म झाला. भार्गवराव आणि त्यांची माणसं केव्हाच दिसेनाशी झाली. बाई एका दगडावर बसल्या आणि त्यांना रडू कोसळलं. कोणासाठी हे चाललंय? गेलेलं माणूस काही बघायला येणार नाही. इथून परतले तर विचारणारं तरी कोण आहे?

बराच वेळ त्या तशाच बसून राहिल्या. मग समोर फुललेला एक पळस दिसला. परतायचंच, पण तेवढ्या पळसापर्यंत जाऊन परतू, असं म्हणत त्या उठल्या. बुंध्याला हात टेकून पुटपुटल्या, “महाराज, पोचले.” कुणी ओ दिली नाही. पण पुढे एक मोह दिसत होता. मग एक साग. मग वाकलेली सालई. प्रत्येक झाडाशी बाई सांगत राहिल्या आणि दुपार डोक्यावर आली.

आणि मग झाडंच संपली! वणव्याने जळून काळा पडलेला, उभा उतार. नजर टेकवायला एक झुडूपसुद्धा नाही. बाईंनी वर बघून हाक मारली, “महाराज, आता काय बघू?”

तोच वर, शंभर पावलांवर, भगवी छाटी दिसली. कुणी पाठमोरं उभं होतं. बाई तिथवर गेल्या की ती आकृती आणखी शंभर पावलं वर. बाईंना गुडघा आठवला नाही, ऊन आठवलं नाही. डोळे त्या छाटीवर ठेवून त्या चढत राहिल्या, आणि माथा आला.

माथ्यावर छाटी नव्हती. एका खडकाच्या सावलीत भार्गवराव पडले होते. आपल्याला कोणी थकलेलं पाहू नये म्हणून सोबत्यांना त्यांनीच पुढे पाठवलं होतं. ऊन लागून जीभ कोरडी पडली होती. बाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपल्या तांब्यातलं पाणी घोटाघोटाने पाजलं.

डोळे उघडून ते म्हणाले, “महाराज आत्ता इथे होते. म्हणाले, उठू नकोस, मागून माय पाणी घेऊन येते आहे.”

बाईंनी तांब्या पुन्हा त्यांच्या ओठांना लावला. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती.

पुढची वाट दोघं बरोबरच चालली. चातुर्मासात तटावरच्या एका गावी थांबून, कार्तिकात ओंकारेश्वरी परिक्रमा पुरी झाली. ओंकारेश्वराला मैयाचं पाणी वाहून दोघंही पिंपळघाटला आली. माथ्यावरची हकीकत ऐकून मठीतल्या सेवेकऱ्याने सांगितलं, “महाराज तर त्या दिवसांत मठी सोडून कुठेच गेले नाहीत. मात्र तुम्ही निघाल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी निरूपण मध्येच थांबवलं, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘पोचली.’ संध्याकाळी पाय चेपायला बसलो तर तळव्यांना हे मोठे फोड!”

भार्गवराव धावतच घाटावर गेले आणि त्यांनी महाराजांचे पाय धरले. महाराजांनी त्यांना उठवलं.

“माझं कसलं? मी नुसता पुढे होतो. चालली ती.”

भार्गवराव मागून आलेल्या बाईंकडे वळले. त्या संकोचून मागे सरत होत्या, “अहो दादा, हे काय!” तरी भर घाटावर, साऱ्या लोकांदेखत, त्यांनी अनसूयाबाईंपुढे माथा टेकला. उठले तेव्हा कपाळाला मैयाची ओली वाळू लागली होती. ती त्यांनी पुसली नाही.