नसलेल्या गावाचा पंचनामा

धरणाचे अधिकारी टिपणीससाहेब उंबरघोळात आले, वडाखाली खुर्ची टाकून बसले, गुंजाबाई म्हातारीने दिलेलं तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले आणि म्हणाले, "सर्व्हेत इथे निर्जन जंगल आहे. गावच नाही, तर बुडणार काय?"

गुंजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती गोड हसून म्हणाली, "मग साहेब, हे टपाल कुणाला आलं?" आणि तिने एक पत्र पुढे केलं. ब्राझीलमध्ये अशाच एका धरणाने उठवलेल्या लोकांनी उंबरघोळात घरटी एक पत्र धाडलं होतं : हटू नका, आम्ही तुमच्यासोबत आहोत.

परदेशी तिकीट दिसताच साहेबांच्या अंगात आलं. "परकीय कट! सगळी पत्रं जप्त करा!"

"करा की," गुंजाबाई म्हणाली. "पण रीतसर पंचनामा करा. नाहीतर वर कट दाखवाल कशाने?"

साहेबांना ते पटलं. कारकून दारोदार फिरला. पत्र कुणाच्या नावचं, कुठल्या घरातून घेतलं, सगळं लिहीत गेला. बासष्ट घरं भरली. गावातल्याच पाच जणांनी पंच म्हणून अंगठे उठवले. साहेबांनी झोकात सही केली, शिक्का मारला आणि एक प्रत गुंजाबाईच्या हातात ठेवली.

तिने ती कपाळाला लावली. "साहेब, सातासमुद्रापलीकडच्या माणसांना आमचं गाव सापडलं. तुम्हाला मात्र इथलं पाणी पिऊनही सापडेना, म्हणून एवढा खटाटोप. आता बुडवाच. बासष्ट घरं तुमच्या सहीसकट बुडतील."