वासराच्या पंगतीला

एकदा एक तरुण वैद्य होता. पंचक्रोशीतल्या लेकरांची पोटं त्याच्या हवाली होती आणि स्वतःच्या लेकराचं पोट मात्र काही केल्या त्याच्या हाती लागत नव्हतं. दामोदर त्याचं नाव. नदीपलीकडे राहणाऱ्या एका वृद्ध वैद्यराजांच्या घरी राहून तो ही विद्या शिकला होता. हाताला गुण होता, बोलणं मृदू होतं, आणि पोर जेवत नाही म्हणून रडत आलेल्या आयांना तो इतक्या शांतपणे धीर देई, की त्या निम्मं दुखणं त्याच्या ओटीवरच ठेवून जात. स्वतःच्या घरात शिरताना ही शांती मात्र चपलांबरोबर बाहेर राही.

मुलाचं नाव नीलकंठ, घरात निळू. बारशाला हे नाव सुचवणाऱ्या आत्याबाईंना पुढचं काही दिसलं असेल असं नाही, पण मुलाने ते सार्थ करायचं मनावर घेतलं होतं. दुसरं वर्ष सरत आलं होतं आणि जे खाऊ नये ते सगळं त्याच्या गळ्याखाली सहज उतरत होतं. अंगणात चिमण्या टिपत त्या कण्या तो खड्यांसकट टिपी. शेजारची शेळी ज्या बोरीला तोंड लावी, त्याच बोरीची पानं ओरबाडी. मुंग्या लागलेली आंब्याची कोय त्याने मुंग्यांशी भांडून मिळवली होती. गोठ्यात वासरासाठी भिजवलेलं आंबोण, म्हणजे कोंडा आणि पेंड, हे तर त्याचं पक्वान्न होतं. आणि आईने तूप घालून कालवलेला मऊभात पुढे आला, की याची दातखीळ बसे.

जेवणाची वेळ जवळ आली, की दामोदर ओटीवरचे रोगी सोडून आत येई. त्याची बायको भागीरथी चांदीच्या वाटीत भात कालवी, घास करी, निववी. चव मात्र ती पाहत नसे, कारण बाळाला उष्टं कसं द्यायचं? मग चिऊचे घास होत, काऊचे होत, मामाचे होत. बाळाचा घास तेवढा होत नसे. घास ओठांपाशी गेला, की दोघांचाही श्वास अडके. निळू एकदा आईच्या तोंडाकडे बघे, एकदा बापाच्या, आणि ओठ आणखी घट्ट मिटून घेई.

या धास्तीला कारण होतं. निळूच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. एका लग्नाच्या पंगतीत तिने कुणाच्या तरी पानातलं काहीतरी खाल्लं, घरी येईतो ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले, आणि ज्याच्या औषधाने गावची पोरं बरी होत, त्याच्याच मांडीवर त्याची लेक गेली. तिने काय खाल्लं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते कळलं असतं, तर त्या एका पदार्थाची भीती बसली असती. कळलं नाही, म्हणून दोघांना अन्नाचीच भीती बसली.

तेव्हापासून घरात नियम झाले. निळूला कुणाच्या पानातलं द्यायचं नाही. कुणाच्या देखत भरवायचं नाही, दृष्ट लागते. माजघराचं दार लोटून त्याला एकट्याला आधी भरवायचं. भागीरथीने तर नेमच धरला होता, की त्याच्या पोटात घास गेल्याखेरीज आपण पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. मूल जेवेना, म्हणून तीही उपाशी राही, आणि उन्हं कलली की स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाठमोरी बसून चोरट्यासारखे चार घास गिळी. दामोदर रोग्यांच्या गर्दीतून उठून येई आणि उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकून परत जाई.

अशात एके दिवशी दामोदरचा धीर सुटला. मुलाच्या बरगड्या मोजाव्यात इतक्या वर आल्या होत्या, दंडावरचा ताईत सैल होऊन कोपरापाशी घसरत होता. त्याने निळूला मांडीत आवळलं, एका हाताने गाल दाबून तोंड उघडलं आणि दुसऱ्या हाताने घास आत लोटला. निळूला ठसका लागला. खोकला बाहेर येईना, श्वास आत जाईना, डोळे विस्फारले, ओठ काळेनिळे पडले. भागीरथीच्या हातातली वाटी खाली पडली. दामोदरने त्याला पालथं घालून पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठे घास बाहेर आला आणि मूल रडलं.

त्या रडण्याइतकं गोड दोघांनी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. पण पुढच्या वेळी वाटीचा नुसता आवाज झाला, तर निळू किंचाळत घराबाहेर पळाला आणि वासराच्या मागे जाऊन लपला. दामोदर आपल्या हातांकडे बघत राहिला. लेक या हातांत गेली, आता मुलगा या हातांनी जाणार, हा विचार काही केल्या त्याच्या मनातून हलेना. त्याने खांद्यावर उपरणं टाकलं आणि नावेत बसून तो गुरूंकडे गेला.

वैद्यराज आता पुष्कळ थकले होते, पण ऐकण्याची त्यांची सवय सुटली नव्हती. दामोदरने सगळं सांगितलं. भूक लागण्याची औषधं दिली, पचनाची दिली, जंतांची दिली, दृष्ट काढली, ताईत बांधला. आता आपणच काही द्यावं, असं म्हणून तो हात जोडून बसला. गुरूंनी औषधाच्या फडताळाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते म्हणाले, की उद्या दुपारी आपण त्याच्याकडे जेवायला येऊ. भाकरी, वरण आणि कारल्याची भाजी करायला सूनबाईला सांगावं.

दामोदर गुरुभक्त होता, यात शंका नाही. तरीही परत येताना त्याच्या मनात आलंच, की आपण औषध मागायला गेलो आणि जेवण गळ्यात घेऊन आलो. पोर उपाशी मरतंय आणि म्हाताऱ्यांना कारलं सुचतंय. हे मनात आलं म्हणून त्याने लगेच कानाला हात लावला, पण विचार काही मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी गुरू सांगितल्या वेळेच्या बरेच आधी आले आणि ओटीवर न चढता गोठ्यापाशी एका दगडावर टेकले. समोर वासरू आंबोणाच्या पाटीत तोंड घालून उभं होतं आणि पाटीच्या दुसऱ्या अंगाला निळू उकिडवा बसला होता. वासरू चावे, तेव्हा हा चावी. वासरू मान झटके, तेव्हा हाही झटके. दोघांच्या ओठांना सारखाच कोंडा लागला होता. दामोदर ते पाहून धावला, त्याने मुलाच्या तोंडात बोट घालून पेंड खरवडून काढली आणि गुरूंची माफी मागितली. मूल भोकाड पसरून रडू लागलं. गुरू म्हणाले, की आता माझं पान वाढा, आणि ते इथेच वाढा.

दामोदरला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. आत पाट मांडला होता, भोवती रांगोळी घातली होती. आयुष्यभर ज्यांच्यापुढे मान वर केली नाही, त्या गुरूंना गोठ्यात शेणाच्या वासात जेवायला बसवायचं? पण गुरूंनी दगडासमोरची जमीन हाताने झाडली आणि वासराच्या शेजारी मांडी घातली. भागीरथीने मुकाट्याने ताट आणलं. सवयीने ती चांदीची वाटीही घेऊन आली होती. ती आत ठेवून ये, अशी गुरूंनी खूण केली.

मग ते जेवू लागले. मुलाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. भाकरीचा तुकडा मोडावा, वरणात बुडवावा, तोंडात टाकावा, सावकाश चावावा, मध्येच कारल्याची फोड चाखून मान डोलवावी, असं त्यांचं निवांत चाललं होतं. निळूचं रडणं कधी थांबलं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. तो वासराकडे बघे, मग म्हाताऱ्याकडे बघे. दोघंही चावत होती. थोड्या वेळाने तो सरकत सरकत ताटापाशी आला आणि त्याने आपला मातीचा हात सरळ वरणात घातला.

दामोदर पुढे झेपावला. गुरूंनी डावा हात वर करून त्याला जागच्या जागी थांबवलं. निळूने बोटं चाटली. मग कारल्याची एक फोड उचलून तोंडात घातली, चेहरा वेडावाकडा केला आणि ती परत ताटात थुंकली. दारात उभ्या असलेल्या भागीरथीने डोळे मिटून घेतले. गुरूंनी दुसरी फोड उचलून स्वतः खाल्ली आणि भाकरीचा तुकडा मोडला. निळूने त्यांच्याकडे नीट पाहिलं, आपली थुंकलेली फोड उचलून वासराला देऊ केली. वासराने ती हुंगली आणि मान फिरवली. तेव्हा निळूने ती पुन्हा आपल्या तोंडात घातली, आणि या खेपेला ती परत आली नाही.

 दामोदरला आनंद झाला असं म्हणावं, तर भीतीच जास्त होती. कारलं घशात अडकलं तर, मातीतून काही पोटात गेलं तर. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "गुरुजी, पान उष्टं झालं. दुसरं वाढून आणतो."

"असू दे," गुरू म्हणाले. "मुलाला पहिलं अन्न देतो, त्याला आपण उष्टावण म्हणतो, भरवण म्हणत नाही. पानात हात घालावा, चाखावं, नको तर टाकावं, वाटलं तर पुन्हा उचलावं, एवढं सगळं त्यात आलं. तुम्ही याचं उष्टावण केलंत आणि त्या दिवसापासून याला काहीच उष्टं करू दिलं नाहीत."

दामोदर खाली मान घालून म्हणाला, की हे सगळं आम्ही भयापोटी केलं. आपल्याला ठाऊकच आहे.

"ठाऊक आहे, म्हणूनच सांगतो. या घरात हा कुणाला जेवताना बघतो? चिमण्या, शेळी, मुंग्या आणि हे वासरू. त्यांचं खाणं याने खाल्लं, कारण ती निर्धास्त खातात. तुमची वाटी कुणीच खात नाही. ती आली की दार लागतं, दोन मोठी माणसं पांढऱ्याफटक चेहऱ्याने याच्याकडे बघत बसतात, आणि त्यातला कणही स्वतःच्या जिभेवर ठेवत नाहीत. विष पाजताना माणसं याहून वेगळी दिसत असतील का, दामोदरा? लेकराने तोंड मिटलं ते शहाणपणाने मिटलं. याची भूक शाबूत आहे. भय तुमच्या दोघांच्या पोटात आहे आणि त्यावर माझ्यापाशी औषध नाही. मुलगी कशाने गेली ते तुला कळलं नाही, मलाही कळणार नाही. ते भय जायचंही नाही. पण ते भातात कालवून याला भरवू नका."

 वासराची जीभ रिकाम्या पाटीच्या तळाशी फिरत होती. ही पाटी यापुढे याच्या हाती लागणार नाही इतकी उंच ठेवा, एवढं गुरूंनी वैद्यकीचं सांगितलं, आणि सूनबाईचं पान वाढायला लावलं. भागीरथी संकोचली. बाळाच्या पोटात अजून धड काही गेलं नाही, मी कशी जेवू, असं ती पुटपुटली.  गुरू नुसते थोडे सरकून बसले.

भागीरथी बसली. पहिला घास तिने तोंडात घातला आणि तिला एकदम कळलं, आपल्याला किती भूक लागली होती. आज, काल, परवा, सगळ्या दिवसांची भूक एकाच वेळी वर आली आणि ती जेवता जेवता रडू लागली. निळू तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. आईलाही तोंड असतं, हे जणू त्याला आज पहिल्यांदाच कळत होतं. तिचा जबडा हले, तसा त्याचाही रिकामाच हलू लागला. मग त्याने तिच्या पानातला वरण-भाकरीचा काला मुठीत घेतला. निम्मा मांडीवर सांडला, थोडा नाकाला लागला आणि थोडा तोंडात गेला. सवयीप्रमाणे भागीरथीने त्याच्यासाठी घास केला, त्याच्या ओठांकडे नेला, आणि अर्ध्या वाटेवरून तो परत आणून स्वतःच्या तोंडात घातला.

हे करताना तिला किती कष्ट पडले, ते दामोदरने पाहिलं. तेवढ्यात निळू खोकला. साधाच खोकला, पण दामोदर ताडकन उठला, त्याचे हात पुढे झाले. निळूने चावणं थांबवलं आणि बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठ पुन्हा मिटत आले होते.

दामोदरने हात मागे घेतले. तो आत गेला, त्याने आपलं पान स्वतःच वाढून घेतलं आणि बाहेर येऊन मुलासमोर मांडी घातली. त्याचं भय तसंच होतं. भाकरी घशाखाली उतरेल असं त्याला वाटत नव्हतं. पण निळू त्याच्याकडे बघत होता, म्हणून त्याने एक घास तोंडात घातला, नीट चावला आणि गिळला.