पिटुकलीची भावंडं टोपलीत

एक होती पिटुकली. कासवाचं पिल्लू. बिस्किटाएवढं.

तिला भावंडं किती? ढीगभर. सगळी रेतीतल्या एका खड्ड्यात जन्मली. खड्ड्यावर पालथी टोपली. कोल्हा येऊ नये, कुत्रा येऊ नये, म्हणून गावच्या भागोजीकाकांनी घातलेली.

पहाट झाली. पिटुकली फटीतून निसटली. भावंडं आत अडकली. ऊन चढायच्या आत समुद्र गाठायला हवा. नाहीतर रेती भाजते, पिल्लं सुकतात.

डुगु डुगु डुगु. पिटुकली गेली काकांकडे.

"काका, काका, भावंडं आत अडकली. टोपली उचला ना."

"मी नाही उचलणार, बाय. आधी पाहुणे येऊ देत. लांबून आलेत. त्यांना न दाखवता पिल्लं कशी सोडू?"

काका मनाचे भले. दीड महिना खड्डा राखला त्यांनी. पण पाहुणे म्हटलं की काकांची अक्कल गहाण.

डुगु डुगु डुगु. पिटुकली गेली पाहुण्यांकडे.

"पाहुणे, पाहुणे, काका टोपली उचलेनात, भावंडं आत अडकली. चला ना."

"आम्ही नाही येणार. आधी घावणे येऊ देत."

डुगु डुगु डुगु. पिटुकली गेली काकूकडे.

"काकू, काकू, पाहुणे उठेनात, काका टोपली उचलेनात, भावंडं आत अडकली. घावणे घाल ना."

"मी कशी घालू गो? आधी लाकूड पेटू दे."

डुगु डुगु डुगु. पिटुकली गेली लाकडाकडे.

"लाकडा, लाकडा, काकू घावणे घालेना, पाहुणे उठेनात, काका टोपली उचलेनात, भावंडं आत अडकली. पेट ना."

"मी नाही पेटणार. दंवाने भिजलंय. आधी ऊन चढू दे."

पिटुकली थबकली. ऊन तर नकोच होतं. पण करते काय बिचारी?

"उन्हा, उन्हा, लाकूड पेटेना, काकू घावणे घालेना, पाहुणे उठेनात, काका टोपली उचलेनात, भावंडं आत अडकली. चढ ना."

सगळे नाही म्हणाले. ऊन एकटं हो म्हणालं.

ऊन चढलं. लाकूड वाळलं, धडधड पेटलं. काकूने घावणे घातले, चर्र चर्र. पाहुण्यांनी खाल्ले, मटमट मटमट. वर चहा, फुर्र फुर्र. मग उठले. मग आले. काकांनी टोपली उचलली.

रेती चटचट भाजत होती. चार पिल्लं हलली. बाकीची हललीच नाहीत.

"एवढीच?" पाहुणे म्हणाले.

काका मटकन खाली बसले. पिटुकली चौघांना घेऊन निघाली. डुगु डुगु डुगु. लाट आली, सप्प. गेली पाचही.

दुसऱ्या दिवशी दुसरा खड्डा. अजून ऊन नाही, घावणे नाहीत, पाहुणे नाहीत. काकांनी टोपली उचलली. ढीगभर पिल्लं, डुगु डुगु डुगु, समुद्रात.

पाहुणे आले तेव्हा रेतीवर नुसत्या रेघा.

"पिल्लं कुठायत?"

"गेली," काका म्हणाले. "घावणे गार होतील. खाऊन घ्या."