काठीची लेक

घड्याळं जन्मालाही आली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका ज्योतिषाच्या अंगणात एक सरळसोट काठी रोवलेली होती. तिची सावली मोजून तो सूर्याची चाल ओळखायचा. काठीला मात्र ती सावली म्हणजे पोटची लेक वाटायची.

उन्हाळा चढला तशी भर दुपारची सावली रोज आखूड होऊ लागली. वीतभर, चार बोटं, मग जेमतेम बोटभर. "हिच्या अंगाला काही लागतच नाही," काठी कुढायची. "माझंच काही चुकत असेल."

एके दिवशी ऐन माध्यान्ही सावली दिसेनाशीच झाली. काठीचा जीव थाऱ्यावर राहिना. जरासं कललं, तर लेक नक्की दिसेल! तेवढ्यात तिचा सरळपणा तपासायला शेजारी टांगलेला ओळंबा म्हणाला, "काठीबाई, हलू नका! कललात तर सावली दिसेल, पण ती तुमच्या काळजीची असेल, सूर्याची नव्हे. ज्योतिषीबुवांचं वर्षभराचं गणित पाण्यात जाईल."

"तुम्हाला काय जातंय बोलायला! ना लेकरू, ना बाळ," काठी फणकारली, पण श्वास रोखून ताठ उभी राहिली.

"सावली शून्य! सूर्य बरोबर डोक्यावर!" ज्योतिषी आनंदाने ओरडला.

थोड्या वेळाने काठीच्या पायाशी सावलीने हळूच डोकं बाहेर काढलं.

"कुठे गेली होतीस गं? सांगून जायचं असतं!"

"आई, तुझ्यातच तर होते. सांगून जायला आपण दोघी आहोत होय?"

सावली पूर्वेकडे वाढत गेली. काठी मुळीच कलली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून मात्र बघतच राहिली.