मधला शर्ट

तालुक्याच्या महिला मेळाव्यात वीस बायकांना गाळे मिळायचे होते. सगळ्यांची नावं एकाच ओळीत, अन् प्रत्येकीचा माल कंसात: पारूबाई (पापड), सगुणा (लोणची), असं करत थेट शेवटच्या गिरजाक्कापर्यंत (शिवणकाम). पाट्यांवर नुसती नावं हवी होती, म्हणून कॉम्प्युटरवाल्या दाभोळे साहेबांनी कोड लिहिला, की कंस उघडतो तिथपासून मिटतो तिथपर्यंत सगळं पूस. कोडनं पापडापाशी उघडलेला कंस धरला, तो शिवणकामापाशी मिटेपर्यंत सोडलाच नाही. मधल्या बायका गडप! यादीत उरली एकटी पारूबाई.

"आमचे गाळे कुठायत?" गिरजाक्कानं विचारलं.

"यादीत नाव नाही, तर गाळा नाही. कॉम्प्युटर चुकत नसतो, बाई. त्यानं नियमानं पुसलंय. तुम्हाला नाही कळायचं."

"खरंय, चौथी शिकलेय मी," म्हणत अक्कानं पिशवीतनं कात्री काढली. "पण साहेब, तुमच्या कॉलरला एक दोरा लोंबतोय, अन् शर्टाच्या खालच्या काठाला एक. काढते हं, तुमच्याच नियमानं. वरच्या दोऱ्यापासून खालच्या दोऱ्यापर्यंत सगळं!"

साहेबांनी दोन्ही हातांनी छाती झाकली. "अहो, मधल्या शर्टानं काय केलंय?"

"अन् आम्ही मधल्या बायकांनी काय केलंय हो? त्याला सांगा, पहिला मिटलेला कंस दिसला की तिथंच थांब!"

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. साहेबांनी कोडमध्ये एक प्रश्नचिन्ह घातलं, कोडच्या भाषेत 'पहिल्याच ठिकाणी थांब' सांगणारी खूण, अन् वीसच्या वीस नावं परत आली.

उद्घाटनाला साहेब आले ते भर उन्हात जाकीट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून.